औषध सापडले, पण विरघळेना!

रोगावर औषध सापडले की काम फत्ते झाले, असे आपल्याला वाटते. परंतु टॅक्सॉल या औषधाचा इतिहास पाहा, म्हणजे खरी अडचण पुढेच कशी उभी राहते ते ध्यानात येईल.

१९६२ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या रानातून यू नावाच्या वृक्षाची साल गोळा करण्यात आली. तिच्यातील कर्करोगविरोधी द्रव्य नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल व मनसुख वाणी या रसायनज्ञांनी वेगळे काढले आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. यांपैकी वाणी हे आपल्या खानदेशातील नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले.

औषध गुणी खरे. पण पाण्यात काही केल्या विरघळेना! आणि रक्त म्हणजे तरी काय? बव्हंशी पाणीच. न विरघळलेले औषध शिरेत सोडायचे कसे? शेवटी एरंडेलापासून बनविलेले क्रेमोफोर नावाचे द्रव्य आणि मद्यार्क यांत ते विरघळवले. १९८० नंतरच्या दशकात रोग्यांवर चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा काहींना धाप लागली, रक्तदाब एकदम उतरला. मुख्य संशय आला तो औषधावर नव्हे, त्याला वाहून नेणाऱ्या क्रेमोफोरवर! मग आधी प्रतिबंधक औषधे टोचून, थेंबाथेंबाने ते देण्याची रीत पडली. १९९२ साली अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला मंजुरी मिळाली.

तरीही, याहून सौम्य वाहन नाही का? शास्त्रज्ञांनी साबणाची युक्ती उचलली. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करते, दुसरे तेलाशी. असे रेणू तेलकट मळाभोवती गोळा होतात; त्या गोळ्याला मायसेल म्हणतात. ‘ब्लॉक कोपॉलिमर’ ही अशीच दुहेरी स्वभावाची, पण पुष्कळ लांब साखळी. तिचा एक भाग पाण्यात रमणाऱ्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा. दुसरा, दह्याला आंबटपणा आणणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून केलेला, पाणी टाळणारा. पाण्यात या साखळ्यांचे आपोआप गोळे बनतात व औषध आतल्या गाभ्यात जाऊन बसते. असा गोळा केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो!

या पद्धतीचे, क्रेमोफोर वगळलेले औषध या शतकाच्या पहिल्या दशकात दक्षिण कोरियात वापरात आले. हातापायांना मुंग्या येण्यासारखे औषधाचे स्वतःचे त्रास मात्र सुटले नाहीत. वाहन बदलले, तरी आतला प्रवासी तोच! पण वाहनाचा त्रास रोग्याने का सोसावा, एवढा प्रश्न तरी त्यामुळे पुष्कळसा सुटला.