लबकचा कापूस आणि जिनिव्हाचा निकाल

नोव्हेंबरात डॅलसहून लबककडे गाडीने गेला असाल, तर शेताच्या कडेला पिवळ्या-गुलाबी प्लास्टिकात गुंडाळलेले कापसाचे गोल गठ्ठे तुम्ही पाहिलेच असतील. वऱ्हाडच्या माणसाला ती पांढरी शेतं पाहून घर आठवतं. पुढचा हिशेब मात्र घरच्यासारखा नाही.

२००१-०२ च्या हंगामात जगात कापूस पौंडाला साधारण ४२ सेंटांवर आला. भाव पडला की पेरा घटायला हवा. अमेरिकेत घटला नाही, कारण ठरलेल्या दरापेक्षा बाजार जितका खाली, तितकी भरपाई सरकार देत होतं. त्यामुळे कापूस आणखी वाढला आणि भाव दबलेलाच राहिला.

सप्टेंबर २००२ मध्ये ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला. शेती कराराच्या कलम १३ ने अनुदानांना तेव्हा संरक्षण होतं, पण १९९२ च्या पातळीपर्यंतच. अमेरिकेने ती मर्यादा ओलांडली होती, आणि तिथेच खटला फिरला. मार्च २००५ मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला. गिरण्यांना आणि निर्यातदारांना मिळणारं ‘स्टेप टू’ अनुदान २००६ मध्ये बंद झालं. भावाशी जोडलेली मदत चालूच राहिली.

२००९ मध्ये लवादाने ब्राझीलला बदल्याची मुभा दिली, ठरावीक रकमेपुढे अगदी बौद्धिक संपदेवरसुद्धा. तेव्हा कुठे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचे कान टवकारले! मग तोडगा निघाला: अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायचे. २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटलं. म्हणजे स्वतःच्या शेतकऱ्याला अनुदान देत राहता यावं म्हणून तुमच्या-माझ्या टॅक्समधून ब्राझीलच्या शेतकऱ्यालाही पैसे गेले. एमबीएच्या वर्गात ही केस कोणी शिकवली नव्हती.

बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार देशांनी हीच तक्रार २००३ मध्ये कानकूनच्या परिषदेत मांडली होती. त्यांच्याकडे बदला घेण्याएवढी बाजारपेठ नव्हती. त्यांच्यासाठी असा निधी निघाला नाही. भारत या खटल्यात तिऱ्हाईत पक्षकार होता, वादी नव्हे. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरची १९७२ पासूनची एकाधिकार खरेदी योजना त्याच वर्षांत खिळखिळी होत होती, आणि पडलेला भाव त्याच्याही दारी पोचला होता.

२०१४ च्या शेती कायद्याने अमेरिकेत कापसाची भावाशी जोडलेली मुख्य मदत काढली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ती परत आली. फक्त कागदावर पीक आता ‘कापूस’ नव्हतं, ‘सरकीसकट कापूस’ होतं.