कोपरा नको, गर्दी हवी: अल-अलामीनची लपाछपी, १९४२

मंडळी, आज सुरुवात एका व्हिडिओ गेमपासून करतो. 'प्रॉप हंट' तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. आपली लपाछपीच ती. फक्त लपणारा खुर्चीमागे जात नाही, तो स्वतःच खुर्ची होतो. नवखा गडी अंधारा कोपरा गाठतो आणि लगेच सापडतो, कारण ज्याच्यावर राज्य असतं तोही आधी कोपरेच बघतो. मुरलेला गडी चार खुर्च्यांत पाचवी होऊन भर उजेडात बसतो.

हाच डाव १९४२ साली इजिप्तमध्ये, अल-अलामीनला मांडला गेला, आणि तिथे पणाला माणसांचे जीव होते. ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीला मुख्य हल्ला उत्तरेकडून करायचा होता. वाळवंटात आडोसा नाही, वरून शत्रूची विमानं फोटो काढतायत. शेकडो रणगाडे लपवणार कुठे?

जेफ्री बार्कस हा कॅमफ्लाज विभागाचा प्रमुख, मूळचा सिनेमावाला. त्याच्या माणसांनी रणगाडे लपवलेच नाहीत, त्यांचे ट्रक केले! लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास चढवून ट्रकच्या आकाराची आवरणं बनवली. त्यांना नाव दिलं 'सनशील्ड'. आणि खरी मेख पुढे आहे, बरं का. ही आवरणं आधीच उत्तरेला मांडून ठेवली. शत्रूने पाहिली, हल्ला काही झाला नाही, नजर सरावली. मग रात्री रणगाडे गुपचूप येऊन त्यांच्याखाली शिरले. मागे त्यांच्या जुन्या जागी खोटे रणगाडे उभे राहिले. सकाळच्या फोटोत काहीच बदललेलं नव्हतं.

दक्षिणेला उलटा खेळ. तिथे खोटी पाण्याची पाइपलाइन टाकली जात होती. पाइप म्हणजे पेट्रोलचे रिकामे डबे. दिवसा ते खणलेल्या चराशेजारी मांडायचे, रात्री चर बुजवायचा आणि तेच डबे पुढच्या टप्प्याला न्यायचे. कामाची गती अशी ठेवली, की बघणाऱ्याला वाटावं, नोव्हेंबरआधी काही होत नाही.

हल्ला झाला २३ ऑक्टोबरच्या रात्री, उत्तरेकडून. जर्मन सेनापती रोमेल तेव्हा आजारपणाच्या रजेवर होता.

म्हणून कॅमफ्लाजने लढाई जिंकली, असं मी म्हणणार नाही. ती पुढे ४ नोव्हेंबरपर्यंत चालली, आणि ब्रिटिशांच्या आठव्या सेनेचेच सुमारे १३,५०० सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. फसवणुकीने पहिला धक्का मिळवून दिला, तेवढाच. पण तो मिळाला नसता, तर हा आकडा कुठे गेला असता?

आता शोधणाऱ्याकडे बघा. तो आंधळा नव्हता. त्याने सगळं पाहिलं होतं, टिपलंही होतं. चुकलं एवढंच, की काल निरुपद्रवी ठरलेली वस्तू आज त्याने पुन्हा तपासली नाही. प्रॉप हंटमध्येही पक्का शोधणारा नुसता कोपऱ्यात धावत नाही. तो खोलीतल्या खुर्च्या पाठ करतो आणि दर फेरीला पुन्हा मोजतो.