कामाची वेळ आणि गाडीची वेळ

मुंबईची माणसं लोकलला लटकून कामाला जातात, हे आपण टीव्हीवर बघतो. सगळ्यांना एकाच वेळी निघायची हौस असते का? नाही. कामाची जागा आणि वेळ ठरवतो मालक, आणि माणसाचा प्रवास त्यावरून ठरतो.

आधी गिरण्यांचं पाहू. कोकणातून, साताऱ्याकडून आपलीच माणसं लालबाग-परळला गेली. भोंगा वाजला की वेळेत पोहोचायचं, म्हणून चाळी गिरण्यांच्या आसपासच उभ्या राहिल्या. कामगार पायी कामावर जायचे. गिरणीत बायाही होत्या.

कचेऱ्या मात्र दक्षिण टोकाला, फोर्टात. तिथे घर परवडेना, म्हणून नोकरदार दूर उपनगरांत राहायला गेले. ठाण्याची रेल्वे १८५३ पासून होती, १९२५ साली विजेवरची गाडी सुरू झाली. सकाळी सगळे दक्षिणेला, संध्याकाळी सगळे उत्तरेला. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि पायी जाण्याजोगं कामही गेलं.

नोकरी करणाऱ्या बाया वाढल्या, तशी ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली खास महिलांची लोकल निघाली. तरी अडचण संपली नाही. करोनाच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, महिलांना लोकलची परवानगी मिळाली ती सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. जिला ९ वाजता कामावर हजर व्हायचं, तिने जाताना काय करायचं? गाडी होती, पण कामाच्या वेळेला नव्हती.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? पोरगी तालुक्याला कामाला लागते. शिफ्ट सुटेपर्यंत शेवटची एसटी निघून गेलेली असते. मग घरचे म्हणतात, "राहू दे ते काम." पोरीत काही कमी नसतं, वेळ जुळत नसते.

म्हणून ताईंनो, कामाला लागताना पगाराबरोबर हेही विचारू: शिफ्ट कधी सुटते, गाडीची सोय आहे का? दहाजणी एकाच ठिकाणी जात असतील, तर अर्धा तास आधी सोडा, असं मालकाला मिळून सांगू. एसटीची फेरी वाढवायचा अर्ज तर आपण करतोच. पण कामाची वेळही माणसानेच ठरवलेली असते, ती बदलता येते.