काचेखालची काकडी

व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धात इंग्लंडातील सरदार-जमीनदारांच्या दिवाणखान्यात दुपारी चार-पाचाच्या सुमारास चहाचे जे तबक येई, त्यात चांदीची चहादाणी, दुधाचे भांडे आणि साखरेचे खडे यांच्या शेजारी एका बशीत पावाचे अतिशय पातळ, कडा काढलेले तुकडे रचलेले असत, आणि त्या तुकड्यांच्या पोटात लोण्याचा लेप व काकडीच्या चकत्या यांखेरीज दुसरे काही नसे. ज्या समाजाला हवे ते मांस, हवे ते मत्स्य आणि हवे ते पक्वान्न हुकूम होताच मिळू शकत होते, त्याने जवळजवळ सर्वस्वी पाण्याच्या बनलेल्या या जिन्नसाला आपल्या आदरातिथ्यात इतके मानाचे स्थान का दिले, याचा शोध घेऊ लागले म्हणजे बागाईत, जकात, काच, कोळसा आणि माणसांचे श्रम यांचा एक विस्तीर्ण इतिहास उलगडत जातो. आणि तो इतिहास धन्याच्या दिवाणखान्यापेक्षा त्याच्या माळ्याच्या खोपटात अधिक सापडतो, असे माझे मत आहे.

पावाच्या दोन कापांमध्ये खाद्य ठेवून ते हाती धरून खाण्याची रीत ज्याच्या नावाने प्रसिद्ध झाली, तो सँडविचचा चौथा अर्ल जॉन माँटेग्यू हा अठराव्या शतकातला. इतिहासकार एडवर्ड गिबन याच्या १७६२ सालच्या रोजनिशीत हा पदार्थ त्याच नावाने नोंदलेला आहे. जुगाराच्या मेजावरून उठवेना म्हणून अर्लने तो करविला, ही आख्यायिका ग्रोस्ले नावाच्या एका फ्रेंच प्रवाशाने प्रसृत केली. परंतु अर्लने आरमारखात्याचा कारभार वर्षानुवर्षे वाहिला होता, आणि दप्तर पुढ्यात ठेवूनच चार घास खाण्याची वेळ त्याच्यावर येत असावी, हे त्याच्या चरित्रकाराचे अनुमान मला अधिक ग्राह्य वाटते. त्या वेळच्या त्या पदार्थात असे ते थंड मांस. काकडीचा त्यात शिरकाव व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता.

चहाची वाट मात्र आपल्या मुंबईला स्पर्श करून जाते. पोर्तुगालची राजकन्या ब्रागांझाची कॅथरीन हिचा विवाह १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सशी झाला, आणि १६६१ च्या ज्या तहनाम्यान्वये मुंबईचे बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले तो याच विवाहाचा. लंडनच्या कॉफीगृहांत चहा त्यापूर्वीच विकला जात होता. पण माहेरची ही आवड सोबत घेऊन आलेल्या राणीमुळे त्याला दरबारी मान मिळाला. पुढे त्यावर इतकी जबर जकात बसली की चोरट्या व्यापाराला ऊत आला. १७८४ साली ती ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर उतरविण्यात आली, १८३३ च्या कायद्याने चीनच्या व्यापारातील ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी रद्दबातल झाली, आणि १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला.

याच सुमारास उच्चकुलीनांचे मुख्य भोजन, जे शतकापूर्वी दिवसाउजेडीच उरकत असे, ते सरकत सरकत रात्री आठाच्या घरात जाऊन पोचले होते, आणि दुपारचा अल्पोपाहार व रात्रीचे भोजन यांच्यामध्ये एक दीर्घ, रिकामी पोकळी निर्माण झाली होती. बेडफर्डची डचेस ॲना मारिया, जी काही काळ व्हिक्टोरिया राणीच्या खासगीकडील मानकरीण होती, तिने १८४० च्या आगेमागे या वेळी आपल्या खोलीत चहा आणि पाव-लोणी मागविण्यास आरंभ केला आणि हळूहळू मैत्रिणींनाही बोलावू लागली, असे परंपरा सांगते. फॅनी केंबल या प्रख्यात नटीनेही १८४२ साली बीव्हर येथील गढीत डचेसच्या खोलीतील अशा चहाचा आपल्याला प्रथम परिचय झाल्याचे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. तथापि एखादी चाल एकट्या व्यक्तीच्या लहरीतून रुजते यावर माझा विश्वास नाही. भोजनाची वेळ ढळली नसती, तर डचेसचा चहा तिच्या खोलीबाहेर गेला नसता.

आता काकडीकडे वळू. ही वेल मूळची आपल्या उपखंडातली. हिमालयाच्या पायथ्याशी तिची कडू, रानटी भावंडे अद्याप उगवतात. आपल्याकडे शीतल म्हणून जिचा गौरव होतो, तीच काकडी इंग्लंडात त्याच गुणासाठी निंद्य ठरली होती, कारण जुन्या युरोपीय वैद्यकाच्या मते ती थंड व आर्द्र प्रकृतीची, म्हणून त्या हवेत प्रकृतीला घातक. सॅम्युएल पेपिसने १६६३ च्या ऑगस्टमध्ये काकड्या खाऊन एक गृहस्थ मरण पावल्याची वार्ता रोजनिशीत टिपली आहे. शंभरांहून अधिक वर्षांनी, १७७३ च्या स्कॉटलंडच्या प्रवासात, कोशकार डॉक्टर जॉन्सनने वैद्यांमध्ये रूढ असलेले एक मत सांगितले. त्याचा आशय असा, की काकडी नीट चिरावी, तिला मिरपूड व शिरका लावावा आणि मग ती निरुपयोगी म्हणून फेकून द्यावी.

अशा या निंदित फळाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती इंग्लंडच्या थंडीनेच. उघड्या वाफ्यात तेथे काकडी येई ती उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, आखूड आणि काटेरी. त्याच्या आधी ती हवी असेल तर तिच्यासाठी वेगळा उन्हाळा निर्माण करावा लागे, आणि तो निर्माण करण्याचे काम माळ्याकडे असे. ऐन कडाक्यात तो तबेल्यातली ताजी लीद गवतासकट वाहून आणी, तिचा ढीग रची, ढीग तापून वाफा सोडू लागला की आतली लीद बाहेर आणि बाहेरची आत अशी त्याची वारंवार उलथापालथ करी, आणि मुळे जाळून टाकणारी पहिली प्रखर ऊब ओसरली म्हणजे त्यावर लाकडी चौकट ठेवून तीत मातीचा थर देई व वर काचेची झाकणे घाली. तेव्हापासून फळ हाती येईपर्यंत त्याला उसंत नसे. रात्री झाकणांवर चटया पसरावयाच्या, उजाडताच त्या काढावयाच्या. ऊन पडले तर झाकण बोटभर उचलून कोंडलेली वाफ सोडावयाची, वारा फिरला तर ते तत्काळ मिटावयाचे. आतली ऊब मंदावली असे मातीत हात घालून जाणवले की चौकटीच्या चहूबाजूंनी नव्या लिदेचा वेढा द्यावयाचा. तान्ह्या मुलाच्या उशाशी बसून आईने जागरण करावे तसे हे जागरण होते; आणि एका रात्रीच्या दुर्लक्षाने दोन महिन्यांचे श्रम गोठून जात असल्यामुळे त्यात चुकीला मुभा नव्हती.

काच ही तर चैनीचीच वस्तू होती. अठराव्या शतकाच्या मध्यापासून तिच्यावर सरकारी कर होता. तो १८४५ साली उठला आणि सहा वर्षांत, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात, डेव्हनशरच्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने आखलेला काचेचा महाल हाइड पार्कमध्ये उभा राहिला. स्वस्त काच, कोळशाची भट्टी आणि तप्त जलाच्या लोखंडी नळ्या यांमुळे लिदेची चौकट मागे पडून काचघरे उभी राहिली, आणि त्यांत काकडीची निराळीच जात पोसली गेली: लांब, गुळगुळीत, सरळ, पातळ सालीची आणि जवळजवळ निर्बीज. ‘टेलिग्राफ’ हे तिच्यातील एका प्रसिद्ध वाणाचे नाव. या जातीच्या वेलीवर परागसिंचन झाले तर फळ टोकाशी फुगते आणि कडू होते. म्हणून माळी दररोज वेलीवरून फिरून प्रत्येक नरफूल उमलण्यापूर्वी खुडून टाकी. चहाच्या बशीतल्या काकडीची चव इतकी सौम्य असे, त्याचे श्रेय या नित्याच्या, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या खुडण्याला आहे.

सरळ काकडीचा हव्यास किती खोल गेला होता याची साक्ष आगगाडीचा थोर अभियंता जॉर्ज स्टीफनसन याच्या चरित्रात मिळते. आयुष्याच्या संध्याकाळी चेस्टरफील्डजवळच्या टॅप्टन हाउस येथे राहत असता त्याने बागाईतीत मन घातले, आणि काकड्या वाकड्या वाढतात हे सहन न होऊन त्याने काचेच्या लांब नळ्या घडवून घेतल्या व कोवळी फळे त्यांत घालून सरळ वाढविली. ज्याने डोंगर-दलदलींतून सरळ लोहमार्ग नेले त्याने वेलीलाही तीच शिस्त लावावी, यात मला विक्षिप्तपणा दिसत नाही. कारागिराचा सचोटीचा आग्रह दिसतो.

माळ्याकडून फळ मुदपाकखान्यात आले म्हणजे दुसऱ्या हातांचे कसब सुरू होई. पाव आदल्या दिवशीचा लागे, कारण ताज्या पावाला सुरी पातळ चालत नाही. आणि पावाच्या मोकळ्या तोंडाला आधी मऊ लोणी माखून मगच काप काढला जाई, म्हणजे तो पारदर्शक वाटावा इतका पातळ असूनही फाटत नसे. काकडी सोलून तिच्या पातळ चकत्या करावयाच्या, त्यांना मीठ लावून पाणी सुटू द्यावयाचे, त्या निथळून फडक्यात टिपावयाच्या, पांढऱ्या मिरीची चिमूट घालावयाची, आणि लोण्याचा लेप थेट कडेपर्यंत पोचला आहे ना हे पाहूनच त्या मांडावयाच्या. कारण लोणी हाच पाव आणि पाणी यांच्यामधला बांध असतो. मग कडा कापून, ओलसर फडक्याखाली झाकून, हे तुकडे तबकाची वाट पाहत. आपल्या घरातील खमंग काकडीचे रहस्य तरी दुसरे काय आहे? काकडी चोचवून, मीठ लावून, घट्ट पिळून, मगच तीत दाण्याचे कूट, खोबरे आणि तूप-जिऱ्याची फोडणी पडते, आणि पिळलेले पाणी सुगरण वाया न घालवता कणीक भिजवावयास घेते. काकडीचे पाणी ही एकच अडचण दोन दूरच्या देशांतल्या स्वयंपाकघरांनी एकाच मिठाने सोडविली, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

शतकाच्या अखेरीस हा पदार्थ इतका परिचित झाला होता की १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स नाट्यगृहात रंगभूमीवर आलेल्या ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकाच्या पहिल्याच अंकात त्याला स्थान मिळाले. मावशीसाठी मुद्दाम करविलेली काकडीची सँडविचे भाचा बोलता बोलता स्वतःच संपवितो, आणि नोकर शांतपणे सांगतो की रोख पैसे देऊनही बाजारात काकडी मिळाली नाही. हे कारण प्रेक्षकांना लागलीच समजले, कारण काकडी ही कधी मिळते, कधी मिळत नाही, हा त्यांचा अनुभव होता. तोवर चहाही दिवाणखान्याबाहेर पडला होता: एअरेटेड ब्रेड कंपनीने १८६४ पासून आणि लायन्सने १८९४ पासून चहाची दुकाने थाटली, जेथे पुरुषाच्या सोबतीवाचून स्त्रियांना निर्वेधपणे बसता येई. लंडनच्या उत्तरेस ली नदीच्या खोऱ्यात व्यापारी काचघरांच्या रांगा पसरल्या आणि काकडी मध्यम वर्गाच्या आवाक्यात आली. दुसऱ्या महायुद्धात १९४० च्या जानेवारीपासून लोण्यावर आणि जुलैपासून चहावर नियंत्रण आले, दरमाणशी आठवड्याला दोन औंस चहा मिळू लागला, आणि युद्ध संपल्यावर १९४६ ते १९४८ पर्यंत पावसुद्धा शिधापत्रिकेवरच घ्यावा लागला.

साहेबाबरोबर हा पदार्थ हिंदुस्थानातल्या क्लबांत आणि जिमखान्यांत आला, तेव्हा त्याची प्रतिष्ठा ज्यावर उभी होती तो पायाच येथे नव्हता. ज्या फळासाठी इंग्लंडात काच, कोळसा आणि रात्रीची जागरणे खर्ची पडत, ते येथे पावसाळ्यात कुंपणावर आपोआप लोंबते आणि भाजीवालीच्या पाटीत अल्प मोलाने मिळते. म्हणूनच मुंबईत तो मोकळेपणाने पदपथावर उतरू शकला. तेथे विक्रेता कोथिंबीर, पुदिना आणि हिरव्या मिरचीची चटणी लावतो, काकडीच्या सोबतीला उकडलेला बटाटा, टोमॅटो आणि बीट यांच्या चकत्या रचतो, वर मसाला भुरभुरतो, आणि कचेरी सुटलेला माणूस तो उभ्याउभ्या खातो. पण लोणी दोन्ही कापांना कडेपर्यंत लावण्याचा जुना शिरस्ता हा विक्रेताही मोडत नाही, कारण काकडीचे पाणी पावात मुरले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाडीवर जाते.