धुळाक्षरांपासून लेझरपर्यंत: पाटीच्या दगडाची गोष्ट

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोललो तसंच ठेवलंय, मधे जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज तेवढा वगळला.

झालं असं, की औंढ्याकडच्या एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, घरी छोटी लेझर मशीन घेतलीय. स्लेटच्या चकत्यांवर नावं, देवाची चित्रं कोरून विकायचा विचार आहे. पण अक्षर कधी पांढरंशुभ्र उमटतं, कधी पुसट. दगड आधी घासायचा का? नंतर वरून काय लावायचं? तुम्ही इतिहासवाले, तुम्हाला दगडातलं कळत असंल."

मला आधी हसू आलं. मग फोन लावला. बोलता बोलता कळलं, की धूळ बाहेर जाऊन घरच्यांना त्रास नको म्हणून हा गडी खोलीचं दार-खिडकी लावून घेतो आणि कोरड्या सँडपेपरनं दगड घासत बसतो. "टेबलावर राखाडी पीठ साचतं बघा," म्हणाला. ते ऐकलं आणि माझं हसू गेलं. मला मंदसौर आठवलं.

मंदसौरला आपण जाणारच आहोत. पण आधी घरापासून सुरुवात करू.

आपला दगड कोणता?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. पण आपल्या पायाखालचा दगड त्याहून बराच जुना, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्याला बेसाल्ट म्हणतात. विहीर खोदताना जो लागला की घरमालकाचा चेहरा उतरतो, तोच हा.

औंढा नागनाथाचं मंदिर याच दगडाचं. कधी गेलात तर दर्शनाच्या रांगेत मोबाईल खिशात ठेवा आणि भिंतीकडे बघा. खालचा भाग काळ्या घडीव दगडाचा, यादवकाळच्या धाटणीचा, अंगभर शिल्पं. वरचा भाग नंतर पुन्हा बांधलेला, तो रंगावरूनच वेगळा दिसतो. खालच्या भागात दगडावर दगड कसा बसलाय ते पाहा. ज्याला आपण हेमाडपंती म्हणतो, त्या बांधकामात दोन दगडांच्या मधे चुना भरत नाहीत. म्हणजे दगडाची बाजू इतकी सपाट घडवायची की तो नुसत्या वजनानं आणि खाचेनं बसला पाहिजे. शिल्प कोरणं ही पुढची गोष्ट. त्याआधी सूत धरायचं, गुण्या लावायचा, छिन्नीनं उंचवटे काढायचे, दगड सारखा करायचा. काम बघणाऱ्याला नक्षी दिसते, पण पाथरवटाचे बहुतेक दिवस या तयारीत जातात.

ही विद्या मंदिरापुरती नव्हती. तुमच्या आजीला विचारा, जातं गुळगुळीत झालं की पीठ भरडं यायचं. मग टाकी लावणारा गावात आला की जात्याला, पाट्याला टाकी लावून घ्यायची. टाकी म्हणजे दगडाला टोचे मारायची छिन्नी. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही" ही म्हण आपण परीक्षेच्या आधी एकमेकांना ऐकवतो, ती या कामातूनच आली.

आता मुद्दा असा, की बेसाल्टची पाटी होत नाही. बेसाल्ट फुटतो तो वेडावाकडा. स्लेट हा वेगळाच दगड. फार जुन्या काळी साचलेला चिखल जमिनीखाली दाबला गेला, तापला, आणि त्यातले बारीक कण एका दिशेत आडवे झाले. म्हणून स्लेटला योग्य जागी छिन्नी लावून हलकेच ठोकलं की वहीच्या पानासारखे पापुद्रे सुटतात. असा दगड आपल्या लाव्हाच्या थरांत सापडत नाही. आंध्र प्रदेशातलं मार्कापूर शाळेच्या पाट्यांसाठी प्रसिद्ध होतं. हिमाचलात कांगडा-चंब्याकडे घरांची छपरं स्लेटची असतात. म्हणजे आपल्या भागात जी दगडी पाटी आली, ती प्रवास करूनच आली.

पाटीच्या आधी धूळ होती

मग पाटी यायच्या आधी पोरं लिहायची कशावर? उत्तर आपल्या भाषेतच आहे: धुळाक्षरं. पंतोजीच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं किंवा काडीनं अक्षर गिरवायचं. फळी हलवली की पान कोरं. गणितही असंच व्हायचं. संस्कृतात आकडेमोडीला 'धूलिकर्म' असा शब्द आहे, आणि भारतातून अंक घेतलेल्या अरबांकडेही त्या आकड्यांना 'गुबार' म्हणजे धुळीचे अंक म्हणत.

याच धुळीची एक गंमत आहे. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासमध्ये अनाथ मुलांची शाळा चालवत होता. तिथल्या गावठी शाळेत पोरं वाळूत बोटानं अक्षरं गिरवतात, हे त्यानं पाहिलं आणि आपल्या शाळेत तसं सुरू केलं. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, हीही त्याची पद्धत. १७९७ साली त्यानं लंडनमध्ये यावर पुस्तक छापलं आणि 'मद्रास पद्धत' इंग्लंडभर गेली. पुढे एकोणिसाव्या शतकात तिकडच्या गरीब मुलांच्या शाळांत वाळूच्या जोडीला दगडी पाटी आली आणि नव्या शाळांबरोबर ती आपल्याकडेही स्थिरावली.

कागद महाग होता, पाटी एकदाच घ्यायची. पडून तडा गेला तरी उरलेल्या तुकड्यावर धाकटा भाऊ शिकायचा. आपल्याकडे तर निजामाचं राज्य. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोली हैदराबाद संस्थानात होती. सरकारी कारभार उर्दूत, वरचं शिक्षणही उर्दूत. ज्या घरात मराठी अक्षरओळख व्हायची, तिथे पाटीची किंमत निव्वळ पैशांत मोजता येत नव्हती. दसऱ्याला पाटीवर एक-एक-एक असे आकडे काढून सरस्वती रेखायची आणि हळदकुंकू वाहायचं, हे आजही कित्येक घरांत चालतं. थुंकीनं पाटी पुसली की पाठीत धपाटा बसायचा, कारण विद्या रुसते म्हणे!

आणि पाटीवर लिहायची ती पेन्सिल? तीही दगडाचीच. आपल्यापैकी किती जणांनी ती चोरून खाल्ली असेल, हात वर करा. ती राखाडी पेन्सिल कुठून यायची, हे मात्र आपण कधी विचारलं नाही.

मंदसौर

मध्य प्रदेशातला मंदसौर जिल्हा. तिथे मऊ जातीचा पाटीचा दगड सापडतो, आणि शाळकरी पोरांच्या पेन्सिलींचा धंदा तिथे फोफावला. दगडाच्या लाद्या करायच्या, फिरत्या करवतीखाली धरायच्या आणि काड्या कापायच्या. यंत्राची करवत आली तसं काम भराभर होऊ लागलं. धूळही तशीच वाढली.

या दगडात क्वार्ट्झ म्हणजे सिलिका भरपूर असते. तिची जी धूळ डोळ्यांना दिसते, ती तितकी धोक्याची नसते. ती नाकात अडकते, शिंकेवाटे बाहेर पडते. त्याहून कितीतरी बारीक कण दिसतच नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि तिथे हळूहळू व्रण धरतात. फुप्फुस कडक होत जातं. या आजाराचं नाव सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. बऱ्याचदा तो टीबी समजला जातो, आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर गाठतोही.

१९८५ साली मंदसौरच्या पेन्सिल कामगारांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी ५९३ कामगार तपासले होते. त्यातल्या ५४.६ टक्के जणांना सिलिकोसिस होता. दोनातल्या एकापेक्षा जास्त. पुढच्या १६ महिन्यांत त्यातले २३ जण गेले. त्यांचं मरतानाचं सरासरी वय पस्तीशीच्याही आत होतं.

जरा थांबून विचार करा. ही माणसं खाणीत शेकडो फूट खाली नव्हती. ती पोरांच्या पेन्सिली करत होती. आपल्या दप्तरातली दहा पैशांची वस्तू.

मध्य प्रदेश सरकारनं १९८२ मध्ये स्लेट पेन्सिल कामगारांच्या कल्याण निधीसाठी वेगळा कायदा केला. एवढ्याशा वस्तूच्या धंद्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच दुखणं किती मोठं होतं ते कळतं. कायद्यानं सिलिकोसिस हा सरकारला कळवायलाच हवा असा आजार आहे. पण हा कायदा कारखान्याला. घरातल्या खोलीत, एकट्यानं, रात्री जेवण झाल्यावर चालणाऱ्या कामाला इन्स्पेक्टर येत नाही. तिथला इन्स्पेक्टर तुम्हीच.

मग आता काय करायचं?

त्या मित्राला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. पहिली गोष्ट: मंदसौरची करवत आणि तुमची लेझर एक नाही. लेझर दगड कापत नाही. ती वरच्या कातडीएवढा थर क्षणभर तापवते. तिथले कण वितळतात, तडकतात आणि बारीक काचेसारखे होतात. त्यावर उजेड विखुरतो, म्हणून अक्षर पांढरं दिसतं. यात धूळ थोडी, धूर थोडा. खरा धोका होता तो आधीच्या कोरड्या घासण्यात.

आणि गंमत म्हणजे ते घासणं बहुतेक वेळा लागतच नाही. पापुद्र्यातून सुटलेली स्लेट मुळातच बऱ्यापैकी सपाट असते. निवडतानाच सपाट तुकडा निवडा, टेबलावर ठेवून डुगडुगतो का बघा. मग पाण्याखाली धरून ताठ ब्रशनं घासा. सुटे पापुद्रे, जुनी पावडर निघून जाते. पुसट अक्षराचं कारण बऱ्याचदा हेच असतं: लेझर दगडावर पडतच नाही, वरच्या पावडरवर पडते. घासायचंच असेल तर वॉटर पेपर घ्या आणि पाणी लावून घासा, म्हणजे धूळ उडत नाही, चिखल होतो. तो चिखल ओलाच पुसून टाका. वाळवून झाडू मारलात, तर सगळी मेहनत वाया.

मग रात्रभर वाळू द्या. ओला दगड लेझरखाली सारखा उमटत नाही. मागच्या बाजूला कोपऱ्यात छोटी चाचणी घ्या, प्रत्येक दगडाची ताकद आणि वेग वेगळा. खिडकी उघडी, धूर बाहेर ओढणारा पंखा चालू. चष्मा त्याच मशीनच्या प्रकाशाचा. निळ्या डायोड लेझरचा चष्मा कार्बन डायऑक्साइड लेझरला चालत नाही.

अजून एक. आजोबांची जुनी पाटी सापडली म्हणून तशीच मशीनखाली ठेवू नका. आधी चौकट काढा. आणि बाजारात आता 'पाटी' म्हणून मिळते ती बहुतेक पत्र्याची नाहीतर प्लॅस्टिकची. त्यात पीव्हीसी असेल तर लेझरखाली हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. तो फुप्फुसही जाळतो आणि मशीनही गंजवतो.

कोरून झालं की ओल्या फडक्यानं पुसा, वाळवा, आणि मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन अगदी थोडं चोळून जास्तीचं टिपून घ्या. दगड काळाभोर होतो, अक्षर उठून दिसतं. घरातलं गोडेतेल लावू नका. चार दिवसांनी खवट वास सुटतो, हाताला चिकट लागतं आणि गिऱ्हाईक परत येतं ते भांडायला.

पुसता न येणारी पाटी

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

आपल्या जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव. परंपरेनं त्यांचा जन्म १२७० चा. ते लहान होते त्याच वर्षांत, १२७३ ते १२७७ मध्ये, पंढरपूरच्या देवळासाठी दान देणाऱ्यांची नावं दगडावर कोरली जात होती. तो चौऱ्याऐंशीचा शिलालेख. पुढे भाविकांनी चौऱ्याऐंशी लक्ष योनींतून सुटका व्हावी म्हणून त्याला पाठी घासल्या. अक्षरं झिजली, पण साडेसातशे वर्षांनी अभ्यासक ती वाचतातच.

पाटी मात्र पुसण्यासाठी होती. चुकलं तर चुकलं, ओलं फडकं फिरवलं की नवं पान. तुमच्या लेझरनं त्या पाटीचा शिलालेख केलाय. म्हणून बटण दाबायच्या आधी स्क्रीनवरचं नाव एकदा मोठ्यानं वाचा. जोडाक्षर फुटलंय का, वेलांटी पहिली की दुसरी, ते बघा. कुणाच्या तरी दारावर ते वर्षानुवर्षं राहणार आहे.

आणि त्या मित्राचा परवा पुन्हा मेसेज आला. फोटो होता. अंगणात हौदापाशी पाण्याची बादली, ब्रश, उन्हात वाळत घातलेल्या बारा चकत्या. खाली लिहिलं होतं, "दादा, पीठ बंद."

तुमच्याकडे जुनी दगडी पाटी असेल, टाकी लावणारे आजोबा गावात असतील, तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात भेटू. राम राम!