पोलादाचे अर्थसाहाय्य आणि त्याचा हिशेब

१९२४ साली जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यावर असा प्रसंग ओढवला की, कामगारांचे पगार चुकते करावयासही पैसा पुरेना. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील पोलाद इतक्या स्वस्त दराने हिंदुस्थानात उतरू लागले होते की, त्यापुढे देशी मालाचा टिकाव लागणे कठीण झाले. सर दोराबजी टाटा यांनी आपली खाजगी मालमत्ता व पत्नीचे दागिने तारण ठेवून इंपीरियल बँकेकडून कर्ज उचलले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी सरकारनेही या कारखान्यास हात दिला. तो कोणत्या अटींवर दिला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

त्याची पूर्वपीठिका अशी. सर इब्राहीम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील फिस्कल कमिशनने १९२२ साली तीन कसोट्या घालून दिल्या. धंद्यास नैसर्गिक अनुकूलता असावी. संरक्षणावाचून तो वाढणार नाही, अथवा हवा तितक्या वेगाने वाढणार नाही, अशी स्थिती असावी. आणि पुढे कधी तरी त्यास संरक्षणाच्या कुबडीशिवाय जगाशी स्पर्धा करता यावी. या कसोट्या लावण्यासाठी १९२३ साली टॅरिफ बोर्ड नेमण्यात आले. जॉर्ज रेनी अध्यक्ष, पदमजी गिनवाला व पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे हे सभासद. अर्थशास्त्र मराठीत आणण्यासाठी झिजलेला हा अध्यापक आता कारखान्याच्या उत्पादनखर्चाचे आकडे तपासू लागला.

बोर्डाच्या शिफारशीवरून जून १९२४ मध्ये पोलाद संरक्षणाचा कायदा झाला. परदेशी पोलादावर जकात वाढली. परंतु रुळांच्या बाबतीत जकातीचा उपयोग नव्हता. कारण कंपनी रेल्वेशी जुन्या, कमी दराच्या करारांनी बांधलेली होती. जकातीने बाजारभाव चढला तरी तिच्या पदरात काही पडले नसते. म्हणून रुळांवर रोख अर्थसाहाय्य, ज्यास त्या वेळी ‘बाउंटी’ म्हणत, देण्याचे ठरले. पहिल्या वर्षी टनास ३२ रुपये, दुसऱ्या वर्षी २६ आणि तिसऱ्या वर्षी २०. मदत दरसाल उतरत जाणार, हे कायद्यानेच आधी सांगून ठेवले होते, आणि ३१ मार्च १९२७ ही मुदतही घातली होती. या धंद्यात नव्याने येणाऱ्या कंपनीस बाउंटी हवी असेल, तर तिची नोंदणी हिंदुस्थानात व भांडवल रुपयांत असले पाहिजे, संचालकांत ठराविक प्रमाणात हिंदी लोक असले पाहिजेत, आणि हिंदी तरुणांना तांत्रिक शिक्षण देण्याची सोय तिने केली पाहिजे, अशा अटी होत्या. कारखानदारास संरक्षण मिळते, तर मजुराच्या हाती काय पडणार, हा प्रश्न ना. म. जोशी व चमनलाल यांनी लावून धरला. कायद्यात मात्र मजुरासाठी काही आले नाही. ही उणीव लहान नव्हे.

पुढे परदेशी पोलादाचे भाव आणखी घसरले आणि कंपनी पुन्हा दाराशी आली. तेव्हा ऑक्टोबर १९२४ पासून वर्षभरासाठी, पोलादाच्या लगडींच्या सत्तर टक्के वजनावर टनास २० रुपये मंजूर झाले. पण एकूण रक्कम ५० लाखांपलीकडे जाता कामा नये, अशी मर्यादा घालून. पुढल्या दीड वर्षासाठी बोर्डाने १८ रुपये दर व ९० लाखांची मर्यादा सुचविली. सरकारने १२ रुपये व ६० लाख दिले. १९२७ च्या फेरतपासणीनंतर बाउंटी बंद झाली. त्याच वेळी ब्रिटिश पोलादास कमी जकातीची सवलत मिळाली, आणि देशी धंद्याच्या नावाखाली विलायती मालाचीही सोय पाहिली गेली, हे नमूद केलेच पाहिजे. पोलादावरील संरक्षण १९४७ साली उठले.

या व्यवस्थेत एक मोठी खोट होती. बोर्ड कायमचे नव्हते, आणि संरक्षण दिल्यानंतर कारखानदार त्याचा गैरफायदा घेतो काय, हे पाहण्याचे काम नियमाने त्याच्याकडे नव्हते. १९४९-५० च्या फिस्कल कमिशनचे अध्यक्ष व्ही. टी. कृष्णमाचारी होते. बडोद्याच्या जुन्या रहिवाशांना हे दिवाणसाहेब म्हणून परिचित होते. त्यानंतर १९५१ चा कायदा झाला, १९५२ मध्ये वैधानिक टॅरिफ कमिशन अस्तित्वात आले, आणि संरक्षित धंदा भाव अवाजवी चढवीत असल्यास चौकशी करण्याचा अधिकार त्यास मिळाला. १९७६ मध्ये तेही गुंडाळले गेले.

दरम्यान उत्तेजनाचे रूपच पालटले होते. १९४९ साली प्राप्तिकराच्या कायद्यात नवे कलम आले आणि नव्या कारखान्यांना पहिली पाच वर्षे, भांडवलाच्या सहा टक्क्यांपर्यंतच्या नफ्यावर कर माफ झाला. हेतू तोच, धंदा उभा राहावा. पण बाउंटीचा रुपया तिजोरीतून बाहेर जाई, म्हणून तो मोजला जाई, आणि त्यावरून कायदेमंडळात भांडणही होई. माफ केलेला रुपया तिजोरीत आलेलाच नसतो. तो खर्चाच्या कोणत्याच रकान्यात दिसत नाही. पन्नास लाख की साठ लाख, हा वाद करमाफीवर कोणी घालणार कसा? सवलती वाढत गेल्या, मुदती लांबत गेल्या, आणि अशा सवलतींपायी केंद्र सरकारचे किती उत्पन्न बुडते याचे एकत्रित विवरणपत्र संसदेपुढे प्रथम आले ते २००६-०७ च्या अर्थसंकल्पाबरोबर. १९४९ पासून मोजल्यास मध्ये ५७ वर्षे गेली होती.