पठ्ठे बापूराव आणि पवळा : अर्धाच लिहिला गेलेला इतिहास

शाहिरी वाङ्मयाच्या वाचकांस जोडनावांचे नवल नाही. पेशवाईच्या उतरत्या काळात होनाजी शिलारखाने कवने रचीत असे आणि बाळा करंजकर ती गात असे. फड दोघांच्या नावाने चाले आणि कवनाच्या अखेरच्या ओळीतही ‘होनाजी बाळा’ ही मुद्रा जोडीनेच येई. रचणारा आणि गाणारा ही दोन माणसे आहेत हे वर्गात सांगितले की मुले आजही चकित होतात, कारण त्यांनी ते एकाच माणसाचे नाव मानलेले असते. रचनेचे श्रेय गाणाऱ्याला वाटून देण्याचा हा मोठेपणा आपल्या परंपरेत होता, एवढे त्यावरून सिद्ध होते.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी तमाशाच्या बोर्डावर अशीच एक जोडी उभी राहिली. कीर्तीच्या दृष्टीने ती होनाजी-बाळांहून तिळभरही कमी नव्हती. ही जोडी म्हणजे पठ्ठे बापूराव आणि पवळा. लोकांच्या तोंडी ही दोन नावे नेहमी एकत्र आली; कवनांतील मुद्रा मात्र एकट्या बापूरावांची राहिली. असे का झाले, आणि त्यामुळे आपल्या इतिहासाचे काय नुकसान झाले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म 1866 साली वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे झाला. घराणे ब्राह्मणाचे आणि गावच्या कुलकर्णीपणाचे. गावच्या तमासगीरांना लावण्या रचून देता देता हा कुलकर्णी स्वतःच फडात जाऊन उभा राहिला आणि त्याने घर, जात व वतन यांच्याकडे पाठ फिरवली. पवळेचा जन्म 1870 चा, संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावी, महार कुटुंबात झाला. संगमनेर हे अनंत फंदीचे गाव. त्यानेही ब्राह्मण असून डफ हाती घेतला होता. तेव्हा ब्राह्मणाने तमाशात जावे ही गोष्ट मराठी मुलखाला सर्वस्वी अपूर्व नव्हती. अपूर्व होते ते पवळेचे तेथे येणे.

हे नीट समजण्यासाठी तमाशाची घडण ध्यानी घेतली पाहिजे. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग हा त्याचा क्रम. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ही त्याची वाद्ये. मागे उभे राहून सुराची ओळ लांबविणारे सुरते हा त्याचा आधार. या साऱ्या मांडणीत स्त्रीचे सोंग पूर्वी नाच्या पोऱ्या घेत असे. बैठकीत लावणी गाणाऱ्या कलावंतिणी होत्या, नाही असे नाही. पण ढोलकीच्या फडात, भर लोकांपुढे, स्त्रीचे काम स्त्रीनेच करावे ही चाल रूढ नव्हती. ती पाडणाऱ्यांत पवळेचे नाव अग्रभागी घेतले जाते. तिच्या येण्याने केवळ एक पात्र बदलले असे नाही, तर लावणीचा अर्थच पालटला, असे आमचे मत आहे.

याचे कारण असे. लावणी बहुधा स्त्रीच्या तोंडची असते; रुसवा तिचा, विरह तिचा, शृंगारही तिचाच. परंतु ती रची पुरुष, गाई पुरुष, आणि हावभाव करी तोही स्त्रीवेषातला पुरुषच. स्त्रीचे मन हा तेथे पुरुषांनी आपसांत खेळलेला एक खेळ होता. पवळा बोर्डावर आली तेव्हा ते शब्द प्रथमच ज्या गळ्यासाठी लिहिले होते त्या गळ्यातून निघाले. कोणती ओळ दोनदा घ्यावयाची, कोठे थांबून ढोलकीला वाट करून द्यावयाची, कोणत्या शब्दावर मान वळवावयाची, याचा निर्णय कागदावर होत नसतो. तो उभ्या उभ्या, प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाहून घ्यावा लागतो. एका आवाजाच्या भरवशावर जो कवी लिहितो, त्याच्या लेखणीला त्या आवाजाचे वळण लागल्यावाचून राहत नाही. बापूरावांच्या गौळणी काय, लावण्या काय, किंवा ‘मिठाराणी’चा वग काय, यांच्या घडणीत पवळेचा वाटा केवळ सादर करणारीचा मानणे हे आम्हांस अपुरे वाटते.

आणि तरी वाटणी झाली ती अशी की, शब्द टिकले आणि आवाज गेला. आपण दोन लाख लावण्या रचल्याचे बापूराव स्वतः सांगत. त्यांतल्या हाती लागलेल्या फार थोड्या. पण ज्या लागल्या त्या छापता आल्या आणि त्यांवर त्यांचे नाव आहे. पवळेचे जे होते ते हवेत विरले.

हीच वाटणी त्यागाच्या हिशेबातही दिसते. बापूरावांनी जात सोडली, वतन सोडले, बहिष्कार सोसला, हे प्रत्येक लेखक आदराने नमूद करतो, आणि ते यथार्थच आहे. पण पवळेने काय पणाला लावले, याचा आकडा कोणी मांडत नाही. जणू तिच्यापाशी गमावण्यासारखे काही नव्हतेच. खेळाला लोक येत ते तिला पाहण्यासाठी व ऐकण्यासाठी, आणि दौलतजादा उधळला जाई तोही तिच्यावर.

हा हिशेब एका माणसाने निराळ्या बाजूने मांडला, आणि त्या माणसाचा आमच्या बडोद्याशी निकटचा संबंध आहे. 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेस गेले, आणि करारानुसार 1917 साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. एवढ्या विद्वानाला या शहरात राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी सराईतून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि कमाटीबागेत बसून त्यांनी अश्रू ढाळले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. पुढे दहा वर्षांनी, 1927 साली, महाडच्या सत्याग्रहाच्या निधीसाठी पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, अशी हकीकत बाबासाहेबांच्या चरित्रकथनात येते. अस्पृश्य स्त्रीशी संसार जोडलेल्या या ब्राह्मणाच्या मनात त्या कार्याविषयी आपुलकी असावी हे स्वाभाविकच होते. पण महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा आपल्याला नको, असे म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला.

या प्रसंगात एकाला थोर व दुसऱ्याला क्षुद्र ठरविणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. बापूरावांचे देणे खोटे नव्हते आणि बाबासाहेबांचे नाकारणेही कठोरपणाचे नव्हते. तमाशात कोण नाचते आणि कोण पाहते, हा प्रश्न त्यांनी विचारला. तो त्यापूर्वी रसिकांनी कधी विचारलाच नव्हता. तथापि त्या संभाषणातही बाई बोलत नाही. देणारा तिच्या कलेवर मिळविलेले देतो, नाकारणारा तिच्या सन्मानासाठी नाकारतो. तिला स्वतःला त्या बोर्डावर काय मिळाले आणि काय गमवावे लागले, हे कोणी तिच्या तोंडून ऐकून लिहून ठेवले नाही.

पुढे ही जोडी फुटली. एकमेकांवाचून दोघांचाही पहिला बहर राहिला नाही, यातच त्यांच्या भागीदारीचे मर्म आहे. पवळा 1939 साली निवर्तली. बापूराव 1945 साली पुण्यात विपन्नावस्थेत वारले. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1950 साली, राजा नेने यांचा चित्रपट पडद्यावर आला. त्याचे नाव ‘पठ्ठे बापूराव’ असेच होते. येथेही मुद्रा एकाचीच.

बापूरावांचा मोठेपणा यत्किंचितही उणा करावा असा या लेखाचा हेतू नाही. ते शाहिरीच्या शेवटच्या मोठ्या कवींपैकी एक होत. आमचे म्हणणे इतकेच की, होनाजीने जे आपण होऊन केले ते बापूरावांच्या बाबतीत आता आपण वाचकांनी व संपादकांनी करावयास हवे. त्यांच्या कवनांचा संग्रह निघो, पाठ्यपुस्तकात धडा येवो किंवा सभेत लावणी गाइली जावो, कवीच्या नावाशेजारी गाणारीचे नाव आले पाहिजे. गेलेला आवाज त्याने परत येणार नाही. पण तो आवाज होता, आणि हे शब्द त्याच्यासाठी लिहिले गेले होते, एवढे तरी पुढच्या पिढीला कळेल.